ब्रुनेल्लो : निखळपणाचा दावा आणि अर्धेलीची हकीकत

मद्याचा इतिहास लिहायचा, आणि तोही या अंकात, असे म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया उंचावतील. शराब आम्हाला वर्ज्य आहे आणि हा लेख लिहून झाल्यावरही ती वर्ज्यच राहणार आहे. पण वर्ज्य असणे वेगळे आणि अनोळखी असणे वेगळे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांना साकी, जाम, मैखाना हे शब्द टाळून गझलेचा एक तासही पुढे नेता येत नाही. मुले विचारतात, 'सर, हे सगळे शायर पीत होते का?' गालिब पीत असे, हे आम्ही लपवत नाही. बाकीच्यांच्या प्याल्यात बहुतेक वेळा दुसरेच काही असे, हेही सांगतो.

शब्दांची हकीकत तर आणखी मजेची आहे. 'शराब' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ नुसता 'पेय' एवढाच. आपले सरबत त्याच्याच कुळातले. हाच शब्द समुद्र ओलांडून इटलीत गेला आणि तिथे औषधाच्या गोड पाकाला 'शिरोप्पो' म्हणू लागले. 'अल्कोहोल' हा शब्दही अरबी 'अल्-कुहल'वरून, म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्यावरून आला. ज्यांनी पिणे सोडले, त्यांच्याच भाषेने पिणाऱ्यांना शब्द पुरवले.

या लेखात ज्या वाइनची गोष्ट सांगायची आहे तिचे नाव 'ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो'. इटलीच्या तोस्काना विभागातील मोंताल्चिनो या डोंगरी गावची ही लाल वाइन आज जगातल्या मोजक्या उंची वाइनमध्ये गणली जाते. तिच्या चवीशी आम्हाला कर्तव्य नाही. पण तिच्या इतिहासात दोन प्रश्न दडलेले आहेत आणि त्या प्रश्नांशी आमचे फार जवळचे नाते आहे. पहिला प्रश्न, एखादी गोष्ट 'निखळ' आहे असे म्हणतात तेव्हा नेमके काय म्हणायचे असते? आणि दुसरा, एखाद्या मोठ्या निर्मितीचे श्रेय कोणाच्या नावावर लागते आणि कोणाच्या नावावर लागत नाही?

डोंगरावरचे गाव

सिएना शहराच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर उंचीच्या टेकडीवर मोंताल्चिनो वसले आहे. या टेकडीवर ओकच्या जातीची सदाहरित झाडे होती. त्यांच्या लॅटिन नावावरून गावाला हे नाव पडले असे मानतात. आग्नेयेला १७३८ मीटर उंचीचा आमियाता पर्वत पाठ देऊन उभा आहे. वादळे आणि गारपीट तो अडवतो. पाऊस बेताचा, माती अनेक ठिकाणी खडकाळ, उन्हाळा कोरडा. धान्याला ही जमीन कंजूष, द्राक्षाला मात्र मानवणारी.

सोळाव्या शतकात या गावाने इतिहासात आपले नाव कोरले. सिएना तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते. फ्लॉरेन्सचे मेदिची घराणे आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांना ते गिळायचे होते. १५५३ साली सम्राटाच्या सैन्याने मोंताल्चिनोला वेढा घातला. गावाने तो जवळजवळ तीन महिने झेलला. शेवटी वेढा उठला तो गावाच्या चिवटपणामुळे, तसाच दूरच्या एका बातमीमुळेही. फ्रान्सच्या राजाशी दोस्ती असलेले उस्मानी आरमार इटलीच्या दक्षिण किनाऱ्याकडे येत होते, नेपल्सला धोका होता, आणि स्पॅनिश फौजेला तिकडे वळावे लागले. त्या काळी त्या समुद्रात उस्मानी आरमाराचा नायक तुर्गुत रईस होता. ख्रिस्ती सम्राटाविरुद्ध ख्रिस्ती प्रजासत्ताक लढत होते आणि त्याला तुर्कांच्या गलबतांचा आधार मिळाला. इतिहासाची सरळ धर्मवार वाटणी करू पाहणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे.

एप्रिल १५५५ मध्ये सिएना पडले. शरणागती मान्य नसलेली शेकडो कुटुंबे मोंताल्चिनोला आली आणि त्यांनी तिथे प्रजासत्ताकाचा झेंडा आणखी चार वर्षे फडकत ठेवला. १५५९ च्या तहाने तोही उतरला. सिएनातील प्रसिद्ध घोडशर्यतीच्या मिरवणुकीत मोंताल्चिनोच्या ध्वजधारकांना आजही मानाचे स्थान असते, ते याच निष्ठेच्या आठवणीसाठी.

त्या काळी या गावचे नाव लाल वाइनसाठी नव्हतेच. ते होते 'मोस्कादेल्लो' नावाच्या गोड, सुगंधी, पांढऱ्या वाइनसाठी. वैद्य आणि कवी फ्रांचेस्को रेदी याने १६८५ साली छापलेल्या आपल्या दीर्घकाव्यात तिचा उल्लेख केला आहे. म्हणजे आज जी परंपरा अनादि काळापासून चालत आली असे पर्यटकांना सांगतात, ती दीडशे-पावणेदोनशे वर्षांपलीकडे जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपभर द्राक्षावर भुरी पडली, नंतर मुळे खाणारी फायलोक्झेरा नावाची कीड आली. जुन्या बागा मोडल्या. मोस्कादेल्लोची सद्दी संपत आली आणि त्या मोकळ्या जागेत लाल वाइन पुढे आली.

एक द्राक्ष, अनेक नावे

ब्रुनेल्लो ज्या द्राक्षापासून होते त्या वाणाचे नाव 'सांजोवेझे'. 'जुपिटर देवाचे रक्त' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांशी लोक त्याचा संबंध जोडतात. इटलीत सर्वांत जास्त लावले जाणारे लाल द्राक्ष हेच. पण मोंताल्चिनोचे लोक आपल्या द्राक्षाला 'ब्रुनेल्लो' म्हणजे 'सावळा' म्हणत आणि तो स्वतंत्र वाण आहे असे समजत. काही वर्षांच्या प्रयोगांनंतर १८७९ साली सिएना प्रांताच्या द्राक्षवाण समितीने निर्वाळा दिला की ब्रुनेल्लो आणि सांजोवेझे एकच. पुढे ब्रुनेल्लो हे नाव द्राक्षाचे न राहता वाइनचे झाले.

हे द्राक्ष स्वभावाने अवघड. उशिरा पिकते, साल फार जाड नसते, पावसात घड सडण्याची भीती असते. त्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणाही भरपूर. याच दोन गुणांमुळे ताजी वाइन जिभेला टोचते, आणि याच दोन गुणांमुळे ती वर्षानुवर्षे टिकते. जाणकार लिहितात की तिचा रंग काळपट नसून माणकासारखा पारदर्शक असतो आणि वय वाढेल तसा तो विटकरी होत जातो. वास आंबट चेरीचा, पुढे वाळलेल्या फुलांचा, चामड्याचा, चहाच्या पत्तीचा. वय हाच तिचा खरा मसाला.

म्हणूनच तिचे नियम कडक आहेत. द्राक्ष शंभर टक्के सांजोवेझे हवे आणि तेही मोंताल्चिनोच्या हद्दीतले. हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त द्राक्ष घ्यायचे नाही. लाकडी पिंपात किमान दोन वर्षे आणि त्यानंतर बाटलीत किमान चार महिने. तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी ती विकता येत नाही. २०२० च्या द्राक्षाची बाटली जानेवारी २०२५ मध्ये बाजारात येऊ शकली. 'रिझेर्वा' दर्जाच्या बाटलीला आणखी एक वर्ष थांबावे लागते. जो थांबू शकतो त्याचाच हा धंदा. थांबण्यासाठी मात्र गाठीशी भांडवल लागते, आणि ते गावात फार थोड्यांकडे होते.

श्रेयाची नोंद

ब्रुनेल्लोचा जनक कोण, या प्रश्नाला पुस्तकात एक ठरलेले उत्तर मिळते : बिओंदी सांती घराणे. त्या उत्तरात तथ्य आहे. क्लेमेंते सांती हे औषधशास्त्र शिकलेले गृहस्थ होते, शेतीवर लिहीत होते, प्रयोग करीत होते. १८६९ साली मोंतेपुल्चानोच्या शेतकी प्रदर्शनात त्यांच्या १८६५ सालच्या निवडक लाल वाइनला बक्षीस मिळाले आणि त्या नोंदीत 'ब्रुनेल्लो' हा शब्द आहे. त्यांची मुलगी कातेरीना बिओंदी घराण्यात गेली. तिचा मुलगा फेर्रुच्चो याने दोन्ही आडनावे जोडली. तरुणपणी तो गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांत सामील होऊन १८६६ साली बेझेक्काच्या लढाईत लढला. परत आल्यावर त्याने आजोबांची शेती हाती घेतली.

फेर्रुच्चोने काय वेगळे केले हे समजण्यासाठी शेजारची रीत पाहायला हवी. कियांती भागात बेत्तीनो रिकासोली या जमीनदाराने, जो इटलीचा पंतप्रधानही होता, १८७२ साली एका पत्रात आपले मिश्रण मांडले. मुख्य सांजोवेझे, त्यात दुसरे एक लाल द्राक्ष, आणि वाइन लवकर प्यायची असेल तर थोडे पांढरे द्राक्ष. मिश्रणाने तुरटपणा निवतो, माल लवकर खपतो. फेर्रुच्चो उलट दिशेने गेला. त्याने आपल्या बागेतून चांगल्या वेली निवडल्या, त्यांचीच कलमे वाढवली, दुसरे काही न मिसळता एकाच वाणाचा रस आंबवला आणि तो मोठ्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे ठेवला. त्या घराच्या तळघरात १८८८ सालच्या काही बाटल्या शंभर वर्षे ओलांडूनही जपून ठेवल्या गेल्या.

पण त्याच दशकात त्याच गावात दुसरेही हे करीत होते. तीतो कोस्तांती यांनी १८७० साली सिएनाच्या प्रदर्शनात १८६५ सालचा आपला ब्रुनेल्लो मांडला होता. आणखीही काही घरे होती. १९३२ साली सरकारी समितीच्या अहवालाने ब्रुनेल्लोच्या निर्मितीचा मान फेर्रुच्चोला दिला आणि कथा पक्की झाली. ज्याने वही सांभाळली, बाटल्या सांभाळल्या, त्याचे नाव उरले. इतिहास शिकवताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो की कागद ज्याच्या कपाटात, इतिहास त्याच्या घरात. यात फेर्रुच्चोचे कर्तृत्व कमी होत नाही. पण त्याच्या निवडक वेलींची छाटणी करणारे, घड तोडणारे, पिंपे घासणारे हात कोणाचे होते, हे त्या अहवालात शोधू नये.

अर्धेली

ते हात अर्धेलीदारांचे होते. तोस्कानात मध्ययुगापासून 'मेझ्झाद्रीया' नावाची पद्धत चालत आली होती. या शब्दातच 'अर्धा' आहे. आमच्याकडे बटाईची किंवा अर्धेलीची शेती म्हणतात, तीच ही. जमीन मालकाची, त्या जमिनीवरचे दगडी घरही मालकाचे, राबणारे कुटुंब मात्र आपले. उत्पन्नाचे दोन भाग. करार वर्षाचा. मालकाला वाटले तर तो मोडायचा आणि कुटुंबाने चूल, गुरे, मुले घेऊन दुसरी वाट धरायची. कुटुंबात हात किती आणि तोंडे किती यावर मालकाचे लक्ष असे. घरात लग्न ठरवायचे तर मालकाच्या कानावर घालावे लागे, कारण एक सून आली की हिशेब बदलतो.

आज पर्यटक ज्या तोस्कानाची छायाचित्रे काढतात, ती एकाकी दगडी घरे, सुरूच्या रांगा, टेकडीवर वळत जाणारी वाट, हे सगळे या पद्धतीने घडवले आहे. वेली तेव्हा आजच्यासारख्या सलग बागांत नव्हत्या. शेताच्या बांधाला झाडांवर चढवलेल्या असत, मध्ये गहू, कडेला ऑलिव्ह. कुटुंबाला पोटापुरते सगळेच पिकवावे लागे. चांगली वाइन मालकाच्या तळघरात जाई. घरी प्यायला उरे ती बहुधा पिळून काढलेल्या चोथ्यावर पाणी घालून केलेली पातळ वाइन. ज्या बाटलीची कीर्ती जगभर गेली तिची चव तिच्या द्राक्षाला वाढवणाऱ्या कुटुंबाला क्वचितच माहीत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धेलीदार संघटित झाले. हरताळ झाले, मोर्चे झाले. १९४७ साली त्यांचा वाटा पन्नासवरून त्रेपन्न टक्क्यांवर गेला. तीन टक्क्यांसाठी एवढी झुंज, हे वाचून कोणाला हसू येईल. ज्याने खळ्यावर धान्याची वाटणी पाहिली आहे त्याला येणार नाही. फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने ऑलिव्हची झाडे जळाली. अखेर १५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी आली. आमच्याकडे १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कुळाला जमिनीचा मालक मानले. तिथे तसे झाले नाही. अर्धेली गेली, पण जमीन आपोआप कसणाऱ्याची झाली नाही. लोक शहरांकडे, कारखान्यांकडे निघून गेले. त्याच १९६४ साली मिलान-नेपल्स महामार्ग पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळही आटली. १९५१ नंतरच्या तीन दशकांत मोंताल्चिनोची लोकसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली. डोंगरावरची घरे ओस पडली.

१९४४ चा उन्हाळा

मध्येच युद्धाचे पान उलटले पाहिजे, कारण त्यात आमच्याही माणसांची नावे आहेत. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन फौज उत्तरेकडे मागे हटत होती. फेर्रुच्चोचा मुलगा तान्क्रेदी याने जुन्या बाटल्या तळघरात ठेवून पुढे भिंत बांधून टाकली. ३ जुलै १९४४ रोजी सिएना मुक्त झाले. शहरात शिरलेल्या फ्रेंच सैन्यात अल्जीरियाचे पायदळ होते, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान शेतकरी, जे स्वतः पारतंत्र्यात होते आणि दुसऱ्यांना मुक्त करायला निघाले होते. याच फ्रेंच फौजेतील काही उत्तर आफ्रिकी तुकड्यांनी मे महिन्यात रोमच्या दक्षिणेला स्त्रियांवर अत्याचार केले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. शौर्य आपले आणि गुन्हा परक्याचा अशी वाटणी आम्हाला मंजूर नाही.

त्याच महिन्यात तोस्कानाच्या दुसऱ्या भागात मराठा पलटणीचे जवान लढत होते. फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेगुफोनी गढीत उफ्फिझी संग्रहालयाची चित्रे हलवून ठेवली होती, त्यांत बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा'ही होते. ती सापडली तेव्हा त्यांच्यावर पहारा मराठा जवानांचा होता. आणि शेजारच्या उंब्रियात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी रायगडातील माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने यंत्रतोफेच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या टेकड्यांची आज उंची वाइनसाठी ख्याती आहे, त्यांच्या मातीत आमच्या कोकणाचे आणि देशावरचे रक्त मिसळले आहे.

भाग्य उघडले

ओस पडलेल्या मोंताल्चिनोला वाइनने परत उभे केले. १९६६ साली ब्रुनेल्लोला सरकारी भौगोलिक दर्जा मिळाला. १९६७ साली वीस-पंचवीस उत्पादकांनी आपला संघ स्थापन केला. तेव्हा ब्रुनेल्लोच्या बागा शंभर हेक्टरसुद्धा नव्हत्या. आज त्या दोन हजार हेक्टरच्या वर आहेत. १९७८ साली न्यूयॉर्कच्या मारियानी बंधूंनी इथे प्रचंड जमीन घेऊन 'बांफी' ही कंपनी उभारली आणि अमेरिकेचे बाजार उघडले. १९८० साली ब्रुनेल्लोला सर्वोच्च दर्जाची मोहर मिळाली. ती मिळालेल्या इटलीतल्या पहिल्या काही वाइनमध्ये ती होती. २००४ साली आसपासच्या ओर्चा खोऱ्याला युनेस्कोने जागतिक वारसा मानले. ज्या जमिनीवर अर्धेलीदाराला राहावेसे वाटले नाही, त्याच जमिनीसाठी आता परदेशी धनिकांची रांग लागली. काही जुन्या अर्धेलीदार कुटुंबांनी पडत्या काळात थोडी जमीन विकत घेऊन ठेवली होती. त्यांची नातवंडे आज स्वतःच्या नावाने बाटली भरतात. अशी घरे थोडी आहेत, पण आहेत. उलट, ज्या घराण्याच्या नावावर ब्रुनेल्लोचा शोध लागला, त्याच्या कंपनीची सूत्रे २०१६ साली एका फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेली.

निखळ म्हणजे काय?

पैसा आला की भेसळीचा संशय येतोच. २००८ साली सिएनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. काही उत्पादकांनी सांजोवेझेत मेर्लो, काबेर्ने अशी फ्रेंच वाणे मिसळल्याचा आरोप होता. रंग गडद होतो, तुरटपणा मऊ होतो, अमेरिकी गिऱ्हाइकाला आवडते. लाखो बाटल्या अडवून ठेवण्यात आल्या, काही माल ब्रुनेल्लोचे नाव काढून साध्या नावाने विकावा लागला. अमेरिकेने प्रत्येक मालासोबत शुद्धतेचा दाखला मागितला. मिसळण्यात विष काही नव्हते. गुन्हा होता तो शब्द मोडण्याचा. बाटलीवर एक लिहायचे आणि आत दुसरे भरायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघाची सभा झाली. नियम सैल करावा का, या प्रश्नावर सभासदांनी प्रचंड बहुमताने कौल दिला : शंभर टक्के सांजोवेझे.

डिसेंबर २०१२ मध्ये आणखी एक प्रकार घडला. जान्फ्रांको सोल्देरा या अत्यंत काटेकोर उत्पादकाच्या तळघरात कोणी रात्री शिरून पिंपांचे नळ उघडले. सहा वर्षांची मिळून बासष्ट हजार लिटरहून अधिक वाइन गटारात गेली. पुढे त्यांच्याच एका माजी नोकराला शिक्षा झाली. शेजाऱ्यांनी मदत म्हणून आपापली वाइन देऊ केली. सोल्देरांनी ती नाकारली. दुसऱ्याच्या बागेची वाइन माझ्या नावाने विकणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा स्वभाव तिखट होता, पण या मुद्द्यावर त्यांचे चुकले असे आम्हाला वाटत नाही.

म्हणजे निखळपणाचा एक अर्थ आहे तो प्रामाणिकपणाचा. त्याला आमचा सलाम. पण निखळपणाचा दुसरा अर्थही लोक लावतात, वंशाचा. तिथे मात्र वेल स्वतःच साक्ष द्यायला उभी राहते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या संशोधकांनी सांजोवेझेची आनुवंशिक तपासणी केली. एका बाजूला तोस्कानातलेच जुने 'चिलिएजोलो' द्राक्ष आणि दुसऱ्या बाजूला 'कालाब्रेझे दी मोंतेनुओव्हो' नावाचे, दक्षिणेकडचे जवळजवळ नष्ट झालेले द्राक्ष, असे त्याचे आईबाप त्यांनी सांगितले. चिलिएजोलो हा पालक की संतती, यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाला. पण दक्षिणेतल्या अनेक वाणांशी सांजोवेझेचे रक्ताचे नाते आहे, हे स्पष्ट झाले. उत्तर इटलीत दक्षिणेच्या गरीब स्थलांतरितांना ज्या तुच्छतेने वागवले गेले, ते ठाऊक असणाऱ्याला या शोधातला विनोद कळेल. तोस्कानाच्या अभिमानाची वेल दक्षिणेची नातेवाईक निघाली.

एवढेच नाही. फायलोक्झेरा किडीने युरोपच्या वेलींची मुळे खाल्ल्यावर उपाय सापडला तो अमेरिकेत. तिथल्या रानवेली या किडीला दाद देत नाहीत. तेव्हापासून युरोपातल्या बहुतेक सगळ्या वेली अमेरिकी खुंटावर कलम करून लावतात. शंभर टक्के सांजोवेझे जमिनीच्या वर आहे, जमिनीखाली पाय परदेशी आहेत. सांगली-नाशिकच्या बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. त्याची थॉमसन सुद्धा डॉगरिजच्या खुंटावर उभी असते आणि तो खुंटही अमेरिकेचाच.

अकलूजची वेल

सांजोवेझेचे महाराष्ट्राशी नाते आहे. सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात इटलीतल्या सेक्की बंधूंनी भारतातल्या भागीदारांबरोबर द्राक्षबागा लावल्या आणि 'फ्रातेल्ली' ही कंपनी काढली. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'. भागीदारांत दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू. तोस्कानातला वाइनतज्ज्ञ तिथे आला, रोपे युरोपातून आली, आणि उसाच्या मुलखात सांजोवेझे वाढू लागले. ते ब्रुनेल्लो होऊ शकत नाही. नियमाने ते नाव मोंताल्चिनोच्या टेकडीचे आहे आणि ते तसेच असावे. पण वेलीला सरहद्द नसते, हे माळशिरस तालुक्यातल्या मातीनेही सिद्ध केले.

वाटणी बाकी आहे

आता शेवटचा मुद्दा. अर्धेलीदार गेले, मग आज द्राक्षे कोण तोडतो? इटलीच्या शेतांत आज बाल्कन देशांतले, पूर्व युरोपातले, आफ्रिकेतले आणि आमच्या उपखंडातले मजूर राबतात. त्यांतले पुष्कळ मुकादमाच्या हाताखाली असतात. चांगले मालक आहेत, रीतसर पगार देणारेही आहेत. पण जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना प्रांतात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात तुटला तेव्हा त्याला दवाखान्यात न नेता त्याच्या घराबाहेर टाकून देण्यात आले, आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. ते शेत द्राक्षाचे नव्हते आणि मोंताल्चिनोचेही नव्हते. तरीही इटलीच्या मातीतून येणाऱ्या प्रत्येक सुंदर वस्तूमागे आता हा प्रश्न उभा आहे. हरताळ झाले, मोर्चे निघाले, संसदेत हा विषय गाजला. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी त्रेपन्न टक्क्यांसाठी भांडणाऱ्या आजोबांच्या देशाला परक्या मजुराचा वाटा ठरवायचा आहे.

निखळपणाचे दावे आमच्याकडेही कमी नाहीत. भाषा निखळ हवी, कूळ निखळ हवे, गाव निखळ हवे. या लेखात अर्धेलीची हकीकत लिहिताना आम्हाला जे शब्द लागले ते वाचकांनी एकदा आठवून पाहावेत : जमीन, मालक, मजूर, करार, कायदा, हिशेब. सगळे फारसी-अरबीतून आलेले आणि सगळे मराठी. कोणी ते उपटून टाकायला गेला, तर मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या शेताचा सातबाराही वाचता येणार नाही. आम्ही घरी एक भाषा बोलतो, शाळेत दुसरी शिकवतो आणि हा लेख तिसऱ्याच अंगाने लिहितो. त्यात आम्हाला कधी भेसळ वाटली नाही. खुंट कुठला आणि कलम कुठले, हे लपवले नाही म्हणजे झाले.

मोंताल्चिनोच्या लोकांनी २००८ साली ठरवले की बाटलीवर जे लिहू तेच आत भरू. हा निर्णय मोठा होता. आता त्याच बाटलीवर द्राक्षाचे नाव, गावाचे नाव, मालकाचे नाव असते. तोडणाऱ्याचे नाव अजून नसते. ते ज्या दिवशी लिहिले जाईल, त्या दिवशी अर्धेली खऱ्या अर्थाने संपली असे आम्ही म्हणू.